बी-तीन

राजारामपुरीतलं मंगल कार्यालय.
कालच्या लग्नाची झेंडूची पाकळी
अजून टेबलाखाली चिकटलेली.
सहावी फेरी, पट क्रमांक एकोणीस.
समोर आलिशा मुजावर, इचलकरंजी, वय अकरा.
खुर्चीत बसल्यावर पाय टेकत नाहीत तिचे.

सव्वीस वर्षं केएमटीची बस चालवली मी.
गाडी बिंदू चौकातूनच न्यायला लागायची,
तिथल्या गर्दीत, हॉर्नमध्ये, शिव्यांमध्ये.
ड्यूटी सुटली की सायकल मात्र बोळातून.
म्हणून असेल,
राजासमोरचं प्यादं दोन घरं ढकलणं
मला कधी आवडलं नाही.
मी डाव्या घोड्यासमोरचं सरकवतो, एकच घर. बी-तीन.
मग त्याच्या मागं उंट.
तिथून तिरका, सरळ, तिच्या किल्लेकोटापर्यंत.

तिनं बघितलं. पाण्याचा घोट घेतला.
आणि मधली दोन्ही घरं घेऊन टाकली,
रिकाम्या एसटीत रुमाल टाकावा तशी.
ई-पाचवर प्यादं, पाठीमागं हत्तीचा टेकू.
माझा उंट भिंतीकडं तोंड करून उभा.
दहा खेळ्या. पंधरा. वीस.
वरचा पंखा आवाज करत होता,
पंच चपला न वाजवता फिरत होते,
आणि ती प्रत्येक खेळी
शाळेच्या वहीत लिहावी तशी, गोल अक्षरात.

एकोणतिसाव्या खेळीला तिचा घोडा ए-तीनवर आला.
मी उंटानं तो मारला. उंट गेला.
तसाही काय करत होता?

एकतिसाव्याला
तिनं ई-पाचचं प्यादं आपण होऊन पुढं टाकलं.

रस्ता मोकळा.
बी-दोनपासून जी-सातपर्यंत एक चिटपाखरू नाही.
बी-दोनवर पण नाही.

चव्वेचाळिसाव्याला मी हात पुढं केला.
तिचा हात लहान, गार, पेन्सिलीनं काळा झालेला.
सोंगट्या परत मांडताना म्हणाली,
‘काका, उंट का दिला?’
‘लई वेळ उभा होता,’ मी म्हटलं.
तिला ते कारण पटलं नाही. वहीत काहीतरी लिहिलं.

बाहेर तिचे वडील, शर्टावर सुताचा भुगा,
सकाळपासून पायरीवर बसलेले.
जिंकली का ते त्यांनी विचारलं नाही,
तिच्या चेहऱ्यावरनंच कळलं असणार.
मला म्हणाले, ‘इचलकरंजीची गाडी स्टँडवरच मिळंल न्हवं?’

‘स्टँडवर कशाला जाता या गर्दीत?
इथनं असं तिरकं जावा, कावळा नाक्याला.
तिथं थांबती.’