फुस्स

साडेबाराला तोरणेबाईंचा फोन, कलिनाच्या प्रयोगशाळेतून.
मुकादम, डीप फ्रीझर उणे चारवर आलाय.
ऑक्टोबर. रात्रीही भिंती तापलेल्या.
स्कूटरला गॅसचं नळकांडं बांधलं,
डिकीत साबणाचा डबा टाकला आणि निघालो.
साकीनाक्यापासून मिठीचा वास
शर्टाला चिकटून सोबत आला.

फ्रीझरात लस नव्हती, मासळी नव्हती.
मनगटाएवढे काळे दांडे,
प्लॅस्टिकात गुंडाळलेले, प्रत्येकाला चिठ्ठी.
सायबेरियाची माती, बाई म्हणाल्या.
माती कसली, शेवाळच ते,
सहा हजार वर्षं कुजायचं राहून गेलेलं.
एका दांड्याच्या कडेला पान होतं,
तपकिरी, शिरा शाबूत.
टॉर्च मी जरा बाजूला धरला.

टेबलावर बरण्या, लोणच्याच्या असतात तशा.
काहींत तीच माती ठणठणीत सुकवलेली,
काहींत काठोकाठ पाणी,
काहींत नुसती ओल.
बाई झाकणातून सुई खुपसून
मातीनं सोडलेली हवा ओढून घेत होत्या,
नर्स रक्त घेते तशी, न बोलता.

जास्त कोण सोडतं, मी विचारलं,
हात कॉम्प्रेसरच्या मागे.
ऊब दिली की सगळ्याच सोडतात, म्हणाल्या.
बुडालेली कमी सोडते, पण तिच्यातून मिथेन येतो, जहाल.
सुकलेली मंदावते, जिवाणूंनाही घोटभर लागतंच.
मधली मात्र,
जिच्यात ओल आहे आणि हवाही खेळते,
ती थांबतच नाही.

म्हणजे वाफसा, मी म्हटलं.
सुई तशीच धरून त्यांनी वळून पाहिलं.
आई दापोलीला ढेकूळ मुठीत दाबायची,
फुटलं आणि तळव्याला चिकटलं नाही
की म्हणायची, आता पेरा.
बाईंनी वहीत आकड्यांच्या शेजारी लिहिलं: वाफसा.
आणि खाली रेघ मारली.

मग मी सांध्यांना फेस लावत गेलो.
तिसऱ्या वळणावर एक बुडबुडा
फुगला, फुटला, पुन्हा फुगला.
डाळीच्या दाण्याएवढा.
सापडलं, मी म्हटलं. उणे तीन, बाई म्हणाल्या.

झाळायचं तर आधी नळीतला उरलेला गॅस काढावा लागतो.
तो ओढून साठवायचं यंत्र असतं,
माझ्याकडे नाही, आग्नेलोच्या दुकानात आहे,
दुकान मरोळला, किल्ली त्याच्या उशाखाली.
जाऊन येऊन तास.
तासात दांडे घामेजले असते.
एकतीस वर्षं हा कॉक मी न बघता फिरवलाय,
गल्ल्यांत, गच्च्यांवर, हॉटेलांच्या मोरीत,
एका हातात चहा धरून.
आज बोटं कॉकवर होती आणि फिरेनात.

उणे दोन, बाई म्हणाल्या.
फिरवला.
फुस्स.
दोघांनीही ऐकलं.
बाई बरण्यांच्या चिठ्ठ्या सरळ करू लागल्या,
सरळच होत्या त्या.

पहाटे पाचला उणे अठरा.
फ्रीझर मागच्या जाळीतून
माझ्या पोटऱ्यांवर गरम फुंकर घालत होता.
बिल केलं: गॅस भरणे, सांधा झाळणे, रात्रपाळीचे जादा.
किती सोडला,
असा रकाना माझ्या बिलबुकात नाही.
बाईंकडे एक सुटी, रिकामी बरणी पडली होती.
घेऊन जाऊ का, मी विचारलं.
कशाला ते त्यांनी विचारलं नाही.