मैत्री, बारा किलो

टाकीवर रशियन अक्षरांत लिहिलंय: द्रुझ्बा.
म्हणजे मैत्री.
कोल्होज मोडला त्या वर्षी
काल्योला पाच महिन्यांच्या पगाराऐवजी
ही चेनसॉ मिळाली, आणि अर्धं डुक्कर.
डुक्कर संपलं.

सायकलसारखं उंच हँडल,
दोरीचा स्टार्टर वेगळा,
बसवायचा, खेचायचा, काढून ठेवायचा,
आणि कुठे ठेवला ते विसरायचं.

अठ्ठावीस वर्षं मी खिडकीतून बघत आले:
खेच. खोकला.
खेच. आता खोकलाही नाही.
मग प्लग काढ, विजारीला पूस, फुंकर मार,
चिखलाच्या बुटांनी स्वयंपाकघरात ये
आणि माझ्या चुलीवर, पावाशेजारी,
प्लग शेकत ठेव.
आमच्या पावाला कायम पेट्रोलचा वास.
वोरूहून पाहुणे आले की म्हणत,
छान आहे, पोटभर झाला.

सुरू व्हायची ना, का नाही व्हायची?
पाहुणे निघून गेल्यावर.
लाकडं हातकरवतीनं कापून, रचून झाल्यावर.
एकदा रविवारी, पाद्री फाटकाशी येऊन उभे,
काल्योची शिवी अर्धी बाहेर, अर्धी तोंडात,
आणि ही भडकली.
उरलेली अर्धी तिच्या आवाजात बुडाली.
देवाची तेवढीच कृपा.

"हेल्दुरनं बिघडवली," काल्यो म्हणायचा.
चौऱ्याण्णवच्या हिवाळ्यात शेजारच्या हेल्दुरनं
दोन दिवसांच्या बोलीवर नेली,
चौदाव्या दिवशी आणून टाकली.
साखळीचे दात बोथट, कुठल्यातरी खिळ्यावर घातलेले,
वर म्हणतो, अशीच होती.
त्यानंतर दोन्ही घरांत शब्द नाही.
मैत्रीवरून.
हसायचं तर हसा, आम्ही नाही हसलो.

काल्यो जाऊन दोन वर्षं झाली.
ऑक्टोबरच्या वादळात स्प्रूस आडवा पडला
तो नेमका सौनाच्या दाराला टेकून.
मी मापून मिसळलं, वीस भाग पेट्रोल, एक भाग तेल.
चोक ओढला, सोडला, पुन्हा ओढला.
चाळीस वेळा खेचेपर्यंत मोजलं,
पुढे हात मोजण्याच्या मनःस्थितीत नव्हता.
काल्योच्या शिव्या दिल्या, आठवतील तशा.
माझ्या तोंडी त्या
उसन्या बुटांसारख्या वाजल्या.
तिनं ताकास तूर लागू दिली नाही.

नऊ दिवस बादलीतल्या पाण्यानं अंग पुसलं.
दहाव्या दिवशी कुंपण ओलांडून हेल्दुर आला,
खांद्यावर दोन मुठींची लांब करवत, त्याच्या बापाची.
ना राम राम, ना हवापाण्याची चौकशी.
एक मूठ माझ्याकडे केली.

पातं चार वेळा वाकलं, पाचव्यांदा अडकलं.
"ढकलू नकोस, आइनो,"
एवढ्या वर्षांतलं पहिलं वाक्य.
"फक्त ओढ. मग सोड. ओढायचं काम नंतर माझं."
म्हातारपणी ही अक्कल शिकवायला हाच उरला होता.

अंधार पडेस्तोवर तीन ओंडके झाले.
दार निम्मं उघडलं, मी कडेनं आत शिरेन इतकं.
हेल्दुरनं घाम पुसला,
न विचारता शेडकडे गेला,
तिला उचललं, दोरी गुंडाळली, खेचली.

पहिल्याच खेचीत.
धूर, थरथर, कोंबड्या सैरावैरा.
त्याच्या तोंडावर ते तेज आलं
जे कोर्टात निर्दोष सुटलेल्यांच्या तोंडावर येत असेल.
"बघ," तो ओरडला, "अशीच होती!"

आणि ती बंद पडली.

मी घरात जाऊन चूल पेटवली, पीठ थापलं.
बाहेरून येत होतं:
खेच. खोकला.
खेच.
मग बराच वेळ काही नाही.
मग दारात बूट झाडल्याचा आवाज.
"हा प्लग," तो म्हणाला, "जरा शेकायला
कुठे ठेवू?"

मी पाव थोडा बाजूला सरकवला.