ओळखीची रेघ

राजारामपुरी, सहावी गल्ली, दुसरा मजला.
खाली झेरॉक्सचं दुकान, वर आम्ही :
एक भिंग, एक वजनकाटा, कागदावर चौसष्ट माणसं
आणि हिरव्या झाकणाच्या, एकीसारखी दुसरी, डब्या.

नखाच्या मुळाशी तेलाचा थेंब सोडायचा.
बोट भिंगाखाली, हात सैल.
मग पडद्यावर दिसू लागतात
केसाहून बारीक रक्ताच्या वाटा,
अंबाड्यातल्या आकड्यांसारख्या, रांगेनं.
मी त्या मोजते.
मिलिमीटरला आठ, सात, एखाद्याला पाचच.

नेमगोंडा मुरचिटे, वय एकोणसाठ, हुपरी.
तक्रार : थंडीत बोटं पांढरी पडतात,
पैंजणाची कडी हातातून निसटते.
सहीच्या आधी त्यांनी कॅप्सूल खिडकीकडं धरली.
"आत पाला हाय म्हंतासा.
खरं वरचं कवच कशाचं?"
चौसष्टांत हे कुणी विचारलं नव्हतं.
मी पुण्याला फोन लावला.
वीस मिनिटं ते बाकावर,
कॅप्सूल रुमालात, रुमाल मुठीत.
झाडाचंच आहे म्हटल्यावर सही केली,
कोरल्यासारखी.

मग रात्रीचा डोस. साडेआठ.
"दिवस बुडल्यावर आमच्यात पाणीबी न्हाई, ताई."
'नियमात बदल' या रकान्यात मी लिहिलं :
सूर्यास्तापूर्वी.
सगळ्या फायलीत ही एकच वेळ
घड्याळाबाहेरची.

दर महिन्याला हुपरीची एसटी,
पिशवीत रिकामी डबी, झाकण घट्ट.
तिसऱ्या खेपेला म्हणाले, पडदा जरा इकडं फिरवा.
चाळीस वर्षं जंत्रीच्या भोकातून चांदीची तार ओढलेला माणूस
स्वतःच्या तारा बघत राहिला.
"ही चौथी मागल्या वेळी वाकडी हुती.
आता सुधारलीया.
अन् ही बघा, हितं ताण आलाय, तुटायच्या बेतात."

माझ्या तक्त्यात वाकड्याला जागा नाही.
मी सात लिहिलं.
समासात पेन्सिलीनं : चौथी सरळ होतेय?
आणि लगेच खोडलं.
डाग राहिला.

'अ' कोण, 'ब' कोण, मला ठाऊक नव्हतं,
त्यांना नव्हतं, आमच्या डॉक्टरीणबाईंनाही नव्हतं.
एका डबीत मंडूकपर्णी आणि आवळा,
दुसरीत हिरवा रंग दिलेलं तांदळाचं पीठ.
मी मात्र मनातल्या मनात
मुरचिट्यांना कधीच पाल्यात टाकलं होतं.
हे लिहायला फॉर्म नसतो.

जानेवारीत पाकीट फुटलं.
मुरचिटे : ब.
एकंदर निकाल : फरक आहे, पण इतका थोडा
की आहे म्हणायला जीभ रेटत नाही
आणि नाही म्हणायलाही.

फोनवर सांगवेना. हुपरीला गेले.
पत्र्याची शेड, टाकणखाराचा वास,
ते कडीला डाग देत होते.
सांगितलं, तरी फुंकणी तोंडातून निघाली नाही.
कडी पाण्यात चुर्र झाल्यावर म्हणाले,
"सा महिनं पीठ खाल्लं म्हणायचं."
रागावले नाहीत. हसलेही नाहीत.

कपाटातून काळा दगड काढला.
त्यावर नव्या मालाची एक रेघ ओढली,
शेजारी, जुन्या कांबीची दुसरी.
"नव्या चांदीचा कस एकटीचा कळत न्हाई.
बाजूला ओळखीची रेघ लागतीया.
तुमच्या दगडावरची ती रेघ मी.
कुणीतरी व्हायला पायजेच की."

मला वाटलं, आता चौथ्या तारेचं विचारतील.
विचारलं नाही.

निघताना सवयीनं बोटं पुढं केली.
तेल नव्हतं, भिंग नव्हतं.
मी नुसती हातात घेतली.
गार होती.

आतून सुनेची हाक आली :
"मामा, जेवून घ्या, दिवस चालला."