वाइंडिंग

लक्ष्मीनगरात, दातांच्या दवाखान्यावरच्या हॉलमध्ये
सतरंजीवर आम्ही अकरा जणी
आणि एक मुलगा, तेजस,
जो म्हणाला, बहिणीसाठी आलोय,
आणि सगळ्यांत नाजूक पाकळ्या त्याच्याच झाल्या.

शेफाली मॅम सव्वीस वर्षांच्या. मी सत्तावन्न.
त्या म्हणतात, क्ले आधी मळायची,
तिला जरा जाग येईतो.
नागपुरात मे महिन्यात तिला जाग आणावी लागत नाही.
पाकिटातूनच ती घामेजून येते,
बोटांना चिकटते, ठशांच्या रेघा उचलते,
पांढऱ्या गोळ्यावर माझ्या नखातली हळद उतरते.
मग बर्फाच्या पाण्याची बाटली लाटणं म्हणून फिरवायची.
हे मॅमना कुणी शिकवलेलं नाही,
इथल्या उन्हानंच शिकवलं.

पहिल्या दिवशी सगळ्यांनी संत्र्याची चकती केली.
नारिंगी, पांढरी, नारिंगी, पांढरी,
वळकटी करून पात्यानं काप.
निलोफरच्या कापात फोडी मोजून घ्याव्यात अशा.
माझं संत्रं पापडासारखं बसलं.
"कुंदाताई, छान आहे, ॲबस्ट्रॅक्ट आहे."
मला त्या शब्दाचा अर्थ कळतो.

दुसऱ्या दिवशी तार निघाली.
मी चिमटीत धरली आणि म्हटलं, ही वीस नंबर नाही.
"आहे ना, पाकिटावर लिहिलंय."
माझी वीस याहून जाड असते.
माझी म्हणजे बाबांची.
मॅमनी मोबाइलमध्ये पाहिलं: मापं दोन असतात,
एक अमेरिकेचं, एक जुनं विलायती.
इतवारीतलं आमचं रिवाइंडिंगचं दुकान
जुन्या विलायतीवर चालायचं
हे मला तेव्हा कळलं,
बाबा जाऊन एकोणीस वर्षं झाल्यावर.

मे म्हणजे बाबांचा सीझन.
अख्ख्या गावाचे कूलर एकदम जळायचे,
फळीवर मोटरींची रांग, पोटावर खडूनं नावं.
बाबा वेढे मोजायचे,
आणि मध्ये कुणी बोललं
तर वर न बघता आकडा मोठ्यानं म्हणायचे.
तीनशे बारा. म्हणजे, थांब.
माझं बाबांशी पुष्कळसं बोलणं
असं आकड्यांतच झालं.

तिसऱ्या दिवशी, पावणेचारला,
ओव्हनमध्ये आमच्या फुलांची ताटली, एकशेतीस डिग्री,
बाहेर पंचेचाळीस,
कूलर घुरघुरला, थांबला, आणि वास आला.
"क्ले जळली!" सगळ्या ओव्हनकडे धावल्या.
मी बसल्या जागी म्हटलं, वार्निश आहे. वाइंडिंग गेलं.
फुलं ठीक होती. तेजसच्या कपाळावरून घाम
त्याच्या कच्च्या पाकळीवर पडला,
त्यानं ती पुसली नाही.

मेकॅनिक आला. "नवीनच टाका बाई,
तार भरत कोण बसते आता?"
मी म्हटलं, जुनी मला द्या.
"काहून? भंगारात दीडशे तरी भेटतीन."
मी दोनशे दिले.

रात्री गच्चीवर पक्कड घेऊन बसले.
क्ले तापली की घट्ट होते, तांबं तापलं की मऊ.
मॅमनी हे फळ्यावर लिहून दिलं होतं
आणि इतर सगळ्यांसोबत मीही वहीत उतरवलं होतं,
आपल्याला आधीपासून येतं हे न सांगता.
जळकी तार सहज सुटते, मग मध्येच तुटते,
काळे पापुद्रे मांडीवर.
पापड झालेल्या संत्र्याला भोक पाडून ठेवलंय.
एकच लोलक होईल. दुसऱ्या कानाचं नंतर बघू.

हे जिन्यात येऊन उभे राहिले.
"काय करून राहिली अंधारात? जेवायचं नाही का?"

एकशे सात, मी म्हणाले.
मोठ्यानं.