बॉल आत आलाय

दिघ्यात तेव्हा दोन दिवस दगड चालले.
दगड आमचेच, खदानीतले,
बापानं सुतकीनं फोडलेले, ब्रासवर मोजलेले.
ते कुणीतरी फुकटात उचलले
आणि वरच्या पाड्यानं खालच्या लाईनीवर,
खालच्या लाईनीनं वरच्या पाड्यावर
परत केले.

पाचव्या दिवशी शांतता समितीचा चहा झाला.
पंचनाम्यात आलं : रिक्षा तीन, टपरी एक,
डोकी अकरा.
मग संचारबंदी उठली.
मारामारी उठली नाही,
ती घराघरात जाऊन बसली.

कंपनीनं नाव कमी केलेले,
जामिनावर सुटलेले,
रस्त्यावर हरून आलेले
घरी जिंकायला लागले.
पत्र्याच्या भिंतीला काही लपवता येत नाही.
भांडं पडल्याचा आवाज वेगळा,
फेकल्याचा वेगळा.
आम्हा पोरांना दोन्ही ओळखू येत.
अशा वेळी टीव्हीचा आवाज वाढवायचा,
हे आम्हाला चालायच्या आधी शिकवलेलं.

शहनूर खालच्या लाईनीतली, वाशीला नर्सिंग शिकते.
दंगलीनंतर पहिल्यांदाच वर आली,
टाकीपाशी उभी राहिली, म्हणाली,
"दगड मारायला पन्नास जण होता,
दार वाजवायला दोन मिळेनात?"
आम्ही आपापल्या चपला बघत राहिलो.
बऱ्याच वेळानं नागेश म्हणाला,
"वाजवू की. पण वाजवून म्हणायचं काय?"

हे शहनूरलाही सुचेना.
कठड्यावर बसलेला इद्रिस, सातवीतला,
पाय हलवत म्हणाला,
"बॉल आत आलाय म्हणायचं."

मग रात्री साडेअकराला, लाईट गेलेली असताना,
"काका, बॉल आत आलाय."
"आत्ता?"
"हो काका. टेनिसचा. पिवळा."
काका शिव्या देत वाकायचे, खाटेखाली बघायचे.
वाकलेल्या माणसाला हात उगारता येत नाही,
तेवढाच वेळ मिळायचा.
तेवढ्यात शहनूर मावशीकडे पाणी मागायची
आणि रिकाम्या पेल्यात एक नंबर ठेवून
पेला परत करायची.

सगळीकडे जमलं असं नाही.
एकानं कुत्रं सोडलं. नागेशचा दात गेला.
एका घरात खरंच बॉल सापडला, दोन वर्षांपूर्वीचा,
काकांनी तो असा हातात दिला
जणू तेच जिंकले.
तिसऱ्या गल्लीतली बाई मात्र
पोराला कडेवर घेऊन पहाटेच्या एसटीनं निघून गेली,
तिच्या दारापर्यंत आम्ही उशिरा पोचलो होतो.

आणि मग तो मंगळवार.
अंबिकाच्या मोबाइलवर
खालच्या लाईनीतलं एक नाव उमटलं.
क्लासच्या नोट्स होत्या, हे नंतर कळलं.
नोट्स नसत्या तरी काय,
हे त्याच्याही नंतर.

बहिणीची वेणी माझ्या मुठीत होती.
तोंडातून बापाचे शब्द निघत होते,
जसेच्या तसे, त्याच्याच ठसक्यात,
पाड्याची इज्जत वगैरे.
आई गॅसकडे तोंड करून उभी.
तिनं हात लांब केला
आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

दार वाजलं.

"दादा," इद्रिस म्हणाला,
"बॉल आत आलाय."

त्याच्या मागे नागेश, दात नसलेला.
त्याच्या मागे शहनूर.
कुणी मला नावानं हाक मारली नाही.
बॉल आत आलेला नव्हता.
त्या आठवड्यात बॉल सांभाळायची पाळी माझी होती,
तो माझ्याच खिशात होता,
मांडीला टोचत.

मूठ सोडली. वाकलो.
खाटेखाली डोकं घातलं.
धूळ, अंबिकाची जुनी पट्टा तुटलेली सँडल,
आणि पार कोपऱ्यात
त्या दोन दिवसांतला एक दगड,
मारायचा राहून गेलेला,
मीच लपवलेला.

वर पाण्याचा पेला वाजला.
अंबिकाची पावलं उंबऱ्यापर्यंत गेली.

"सापडला का?" इद्रिसनं विचारलं.

मी तसाच वाकलेला.
"थांब," म्हणालो,
"बघतोय."