सावधान

शनिवारी दुपारी तुम्ही कचेरीतून आलात
की मी आधी पायांकडे बघायची.
चपला दारात काढल्या, तर भाजीला जाणार.
तशाच पायांनी माडीवर गेलात, तर बूट शोधणार,
आणि मग रविवार माझा नाही.

बूट सापडायला तुम्हाला कधी वेळ लागला नाही.
नंदाचं दप्तर, रेशनकार्ड, माझी औषधाची चिठ्ठी
घरात असून सापडायची नाही.
भदौरियांची जीप कंपूच्या वळणावर दोनदा वाजायची.
तिसऱ्यांदा वाजवायची पाळी
तुम्ही त्यांच्यावर येऊ दिली नाहीत.

घाटीगाव, मोहना, पुढे शिवपुरीकडचा रस्ता:
सगळा तोंडपाठ. पाहिला नव्हता.

पण मी काय कमी शिकार केली?
रात्री अकरा, साडेअकरा, दिवा बारीक करून
खिडकीच्या आडोशाला, बांगड्या कोपरापर्यंत सारून
(वाजल्या की मुलं उठतात),
कान रस्त्यावर.
जीप लांबून ओळखू येते.
रिकामी असली की जास्त खडखडते.

सोमवारी वाटे.
मामलेदारांकडे मांडी, हेडमास्तरांकडे खांदा.
आपला शाम ज्या मार्कांवर पाचवीत गेला
त्या मार्कांवर दुसरं कुणी गेलं नसतं.
शेजारच्या अभ्यंकरवहिनी खिडकी लावून कापूर जाळायच्या
आणि त्यांचा बाळू मागच्या दारी वाटी घेऊन उभा,
"काकू, नुसता रस्सा."

तुमच्या पुतणीचं लग्न, दौलतगंजातलं.
तुम्ही पोचलात शेवटच्या मंगलाष्टकाला.
कोटाच्या बाहीला कुसळं,
नखांत काळसर काहीतरी, त्याच मुठीत अक्षता.
भटजी म्हणाले "सावधान",
सगळा मांडव हलला,
तुम्ही एकटे थिजलात.
श्वास धरलेला, तर्जनी किंचित वाकलेली.
वन्संनी पाहिलं. मीही पाहिलं.
तो शब्द इतका मनापासून ऐकणारा
त्या मांडवात दुसरा कुणी नव्हता,
नवरामुलगासुद्धा.

मग कायदा आला. परवान्यावर तांबडा शिक्का.
बंदूक भिंतीवरून कोठीत
आणि तुम्ही पलंगावर, रविवारभर.
देवा, एवढा मोठा माणूस असतो घरात?
कुठे ठेवू तेच कळेना.
तांदूळ निवडायला बसवलं,
एकेक खडा टिपलात, एक चुकला नाही,
आणि मग रिकाम्या ताटाकडे बघत राहिलात.
ते मला बघवेना.

म्हणून गेल्या संक्रांतीला मीच म्हटलं, चला.
मोहन्याची बस. डब्यात गजक, थर्मासात चहा.
नाल्याच्या काठी बसलो, तुम्ही सांगितलंत तसं,
वारा तोंडावर घेऊन.
मी बांगड्या वर सारल्या.
"तुला हे कुणी शिकवलं?"
मी काही बोलले नाही.

ऊन कलताना चितळं उतरली.
तीन माद्या, मागे शिंगांचा.
तेव्हा बोललात, ओठ न हलवता:
नंदा झाली त्या रविवारी याच नाल्यावर
असाच एक होता. चाळीस पावलांवर.
मारला नाही. सोडला.

जसं काही इतक्या वर्षांनी
माझ्या ओटीत घालत होतात.

मी म्हटलं, सोडलात ना?
मग लगेच घरी का नाही आलात?

नर पाण्यावरून मान वर करून उभा.
तुम्ही बराच वेळ गप्प.
"दिसत होता," म्हणालात,
"दिसत होता तोवर बघत बसलो."

राग आला. पण जुनाच होता, घरचा,
त्याला बसायला पाट दिला.
हात रिकामे होते म्हणून गजकचा तुकडा मोडला.
कट्‌कन आवाज झाला
आणि सगळं रान एकदम पळालं.

पाचची बस गाठायची होती.
मी अंधारत चाललेल्या गवतात
माझ्या चपला शोधत होते,
तुम्ही त्या केव्हाच्या हातात धरून
नाल्यापलीकडे बघत उभे.