थर सुटेना

रबाळे, तिसरी पाळी, पावणेतीन.
सेपरेटरच्या काचेला टॉर्च टेकवून बघते आहे.
वर टोल्यूइन, खाली पाणी,
मधे हातभर दुधाळ गोंधळ,
ना वरचा ना खालचा.

अ‍ॅसिटोन असतो तोवर दोघं नांदतात.
त्याचं दोन्हीकडे जमतं,
पाण्याशी पाण्यासारखा, तेलाशी तेलासारखा.
त्रिकोणी आलेखात एक कमान असते:
कमानीबाहेर तिघांचं एकच घर,
आत शिरलं की दोन.
आत खोलवर गेलं तर
अमुक थेंबानं सुरुवात केली असंही होत नाही,
सगळीकडे एकदमच धुकं.

मग धाकटे थेंब विरघळत जातात
आणि थोरले फुगतात,
एकमेकांना शिवतसुद्धा नाहीत.
पृष्ठभाग कमी करायचा,
एवढाच सगळ्यांचा हिशेब.

आज तोही अडलाय.
मागच्या बॅचमधून साबणासारखं काहीतरी आलं
आणि एकेक थेंब
अंगाभोवती कातडं ओढून बसला.
ढवळणी बंद केली. चाळीस अंशांवर नेलं.
पाच तास.
सकाळी कुलकर्ण्यांना काय सांगू?

धर्माजी घरत मागून म्हणाला,
"मीठ टाक गो बाय.
पानी मिठाला धरंल, बाकीच्याना सोरंल."

पुस्तकात याला दीड पान लागतं.

गोण त्यानंच आणली, खांद्यावरून.
त्याच्या बापाचं आगर होतं खाडीकडे,
आता तिथं सर्व्हिस रोड आहे.
गोणीवर कच्छचा पत्ता.
फाटक्या कोपऱ्यातला खडा त्यानं जिभेवर ठेवला,
मी ओरडले, प्लांटमध्ये काही तोंडात घालायचं नाही.
"निस्तंच खारं," तो म्हणाला.
"आमच्या मिठाला खाडी लागायची."

मॅनहोलमधून ओतलं, दहा मिनिटं हळू फिरवलं,
बंद केलं.
मग आम्ही दोघं काचेसमोर,
एक टॉर्च.

तीन चाळीसला दुधात एक भेग दिसली.
मग भेगेची रेघ झाली,
सुरीनं कापल्यासारखी.
खालचा व्हॉल्व्ह उघडला, खारं पाणी
गटाराच्या टाकीकडे खळखळत निघालं.

लॉगबुकात लिहिलं:
मीठ, एक गोण. थर स्वच्छ.
धर्माजी हात धुवायला गेला.

रेघेच्या वर किती, खाली किती,
अ‍ॅसिटोन कसा वाटला गेला
ते काचेतून दिसत नाही.
त्यासाठी दोन्हीकडचे नमुने काढावे लागतात.
बाटल्या घेतल्या. लेबलं लावली.